कपाटाला लागलेली उचकी

"मामा, पुन्हा अडखळलं मेलं."

आवाज कपाटातून आला. झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. पूर्वी त्यात भाचीच्या नवऱ्याचे, म्हणजे जावयाचे, शर्ट टांगलेले असत. आता चारी बाजूंनी रजया टांगल्या होत्या, मधोमध एक स्टूल, एक मायक्रोफोन, आणि घामाने निथळणारी भाची. ती पुस्तकं वाचायची, ज्यांना डोळ्यांपेक्षा कानांनी वाचायला आवडतं अशा लोकांसाठी. रजया रस्त्याचा सगळा गोंगाट गिळत. हवाही गिळत.

दार ढकलून ती बाहेर आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"संपादकबाईंचा फोन होता," ती म्हणाली. "शेवटची प्रकरणं आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ आली नाहीत, तर पुस्तक दुसऱ्या आवाजाला देणार. पहिल्यापासून."

"आणि मग तू?"

"मग मी घरीच. आता आहे तशी. फक्त कपाटाबाहेर."

मामांनी मान हलवली. मामा म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त तपासनीस. जळालेल्या गोदामाची राख ते चिमटीत घेऊन हुंगायचे आणि मालकाकडे नुसतं बघायचे. मालक कबुलीजबाबासाठी स्वतःचं पेन काढायचा. बुडून मेला म्हणून जाहीर झालेला एक व्यापारी त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत पकडला होता, कारण मेलेल्या माणसाला कलप लावायची घाई नसते. असा माणूस भाचीकडे जेवायला म्हणून सहाव्या मजल्यावर आला, आणि ताटावरून उठेपर्यंत लिफ्ट बंद पडली. मामांच्या गुडघ्यांना जिना हा शब्दही सोसत नसे. लिफ्टवाला रोज "उद्या" म्हणत होता. मामा तेव्हापासून जावयाच्या आखूड पायजम्यात अडकले होते.

"ऐकव," ते म्हणाले.

लॅपटॉप कपाटाबाहेर होता, कारण त्याच्या पंख्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरायची. फटीतून एक वायर आत गेली होती. पडद्यावर टॉवेल टाकलेला, कारण उजेड आत आला की भाचीची नजर पानावरून उडायची. मशीन एकदा सुरू केलं की ती दोन-तीन तास बंद करत नसे. चुकलं, थांबलं, पाणी प्यायलं, सगळं नोंदलं जायचं. नको ते ती मागाहून कापायची.

तिने टॉवेल काढला आणि ध्वनिमुद्रण लावलं. तिचाच आवाज, पण कपाटातला, खालच्या पट्टीतला: "मावशींना झोप येत नव्हती. भाच्याने स्वतःच्या हाताने दुधाचा पे... पे... पे... पे..." मग एक खड्डा. मग एकदम, "...तो रिकामा झाला होता."

"पेल्यातलं वाक्यही कुणी तरी पिऊन टाकलं," मामा म्हणाले. "पुढे."

पुढे ती घाईने एक तुकडा ओलांडून गेली.

"हे काय गाळलंस?"

"काही नाही. घसा साफ केला."

"घसा की मोरी? बराच वेळ लागला."

त्या गाळलेल्या तुकड्यानंतर वाचन पुन्हा सुरू झालं, चार वाक्यं नीट गेली, आणि पुन्हा उचकी. मामांनी आणखी तीन ठिकाणं ऐकली. भाची प्रत्येक वेळी काही तरी ओलांडायची, आणि उचकी त्याच्या आसपासच लागायची.

"दुरुस्तीवाला काय म्हणतो?"

"फोनवर म्हणाला, आतलं मुख्य सर्किट गेलं. मशीन खाली आणा, तो जिना चढत नाही."

"हुशार आहे. इतर काही वाचतेस का यावर?"

"सकाळी मधुमेहावरचं पुस्तक वाचते. पथ्यपाणी वगैरे."

"त्यात अडखळतं?"

भाचीने कपाळावरचे केस मागे सारले. "नाही. एकदाही नाही."

"तेच मशीन, तेच कपाट, तीच वायर. मुख्य सर्किट गेलं असेल तर त्याला साखरेचं वावडं नसावं. जावईबापू कुठे आहेत?"

जावई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होता. त्याचे शर्ट आता खुर्च्यांच्या पाठीवर राहायचे, आणि आज अंगात होता तो पाठीवर खुर्चीच्या आकाराने चुरगळला होता.

"लॅपटॉपला हात कोण लावतं?"

"तीच. मी एकदा लावला होता, महिन्यापूर्वी. आबांना सामना बघायचा होता, टीव्ही बिघडला होता. त्यांच्या खोलीत नेऊन दाखवला."

"नंतर?"

"टीव्ही दुरुस्त झाला. लॅपटॉप परत."

"कपाट परत मिळावं असं वाटतं?"

"रोज सकाळी वाटतं, मामा. पण तिचं काम गेलं तर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, त्यापेक्षा चुरगळलेला शर्ट बरा."

मामांनी त्याला तिथल्या तिथे सोडून दिलं. ज्याला नजरेची भीती वाटते तो कारस्थानं करत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

उरले आबा, जावयाचे वडील.

आबांची खोली कपाटाच्या पलीकडेच. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते पाठीवर होते. बाजूला पाण्याचं भांडं, गोळ्या, समोर टीव्ही. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची, पाइप आणि वाळत घातलेले टॉवेल. त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं भाचीकडे होतं. त्यासाठीच तिने बाहेरची नोकरी सोडली होती. कपाट ही त्यातून काढलेली पळवाट, आणि तीही भिंतीतच संपायची.

टीव्ही बंद होता. आबांच्या कानात मात्र यंत्र होतं. टीव्हीच्या मोठ्या आवाजाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून जावयाने आणलेलं, बिनवायरीचं, छोटा निळा दिवा लुकलुकणारं. मामांना बघताच त्यांनी अंगठ्याने त्याची कळ दाबली. दिवा विझला.

"या तपासनीससाहेब. माझा विमा नाही, आधीच सांगतो."

"टीव्ही बंद आणि कानात यंत्र?"

"तुमची भाची पलीकडे दिवसभर बडबडते. ऐकू नये म्हणून बूच."

"भिंतीतून ऐकू येतं?"

"मला? मला तोफ ऐकू येत नाही."

"मग बूच कशाला?"

आबा छताकडे बघू लागले. "सवय."

"तिचं मशीन बिघडलंय. तिचं काम जाणार आज."

आबांचा हात चादरीवरून सरकला आणि थांबला. "आज?" त्यांनी विचारलं. तोफ न ऐकू येणाऱ्या माणसाने हळू आवाजातला हा शब्द बरोब्बर उचलला होता.

"संध्याकाळी. तुम्हाला कुणाचा संशय?"

"मला काय विचारता. तुम्ही मामा, ती भाची, तुमच्या घराण्याचं तुम्ही बघा. मी एवढंच सांगेन, झोप येत नाही म्हटल्यावर स्वतःच्या हाताने दूध आणून देणाऱ्या भाच्यांवर माझा विश्वास नाही."

"माझी भाची दूध देते तुम्हाला?"

"साखरेशिवायचं. त्याला दूध म्हणत नाहीत."

मामा हसले आणि उठले. दारापाशी त्यांचं हसणं संपलं.

परत येऊन त्यांनी भाचीला कपाटात बसवलं. "वाच. कादंबरीच वाच, पुढचं प्रकरण. मी बाहेर बसतो. आणि माझा एक हट्ट. थोडं वाचून झालं की थांब, आणि नेहमी घसा साफ करतेस तसा कर. जे बोलतेस ते बोल."

"मी काही बोलत नाही."

"मग तेच बोल."

दार लागलं. मामांनी पडद्यावरचा टॉवेल बाजूला केला आणि स्टूल ओढून समोर बसले.

आतून आवाज सुरू झाला. भाचा, मावशी, बागेतलं काचघर. थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी उगवली, दोन शब्द दाखवून मावळली. तेवढ्यात आवाजाच्या नोंदीची सळसळती रेघ थबकली, आडवी पडली, पुन्हा उठली. मामा हलले नाहीत. काही वेळाने भाची थांबली. आतून हुंदक्यासारखं काही तरी आलं, मग दबलेलं पुटपुटणं. कोपऱ्यात पुन्हा पट्टी. वेगळे दोन शब्द. मग ती वाचू लागली, आणि जराशाने पहिली पट्टी पुन्हा.

मामांनी कपाटाचं दार उघडलं.

"बाहेर ये. जावईबापूंनाही बोलाव. आबांच्या खोलीत."

चौघं त्या खोलीत मावत नव्हते. जावई दारात उभा राहिला, भाची पलंगाच्या पायथ्याशी. खिडकी उघडी होती, तरी कुणाला पुरेसा श्वास मिळतोय असं वाटत नव्हतं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "सामना दाखवलात तेव्हा आबांच्या कानातलं यंत्र लॅपटॉपला जोडलंत?"

"हो. नाहीतर त्यांना ऐकू आलं नसतं."

"मग तोडलंत का?"

जावयाने कपाळावर हात मारून घेतला.

"ती यंत्रं ओळख विसरत नाहीत. टीव्ही बंद असताना कळ दाबली की ते पलीकडचं जागं मशीन शोधतं आणि जाऊन चिकटतं. पोरी, तू लॅपटॉपचा भोंगा बंद ठेवतेस. पण कानातल्या यंत्राचा आवाज तो वेगळा मोजतो. तू आत वाचतेस ते मायक्रोफोनमधून लॅपटॉपमध्ये, आणि तिथून भिंतीपलीकडे. प्रत्येक वेळी पडद्यावर पट्टी येते, यंत्र जोडलं, यंत्र सुटलं. ती तुला कधी दिसली नाही, कारण पडद्यावर टॉवेल. आणि तेवढ्या जोडण्या-सुटण्यात लॅपटॉपची धांदल उडते. तीच उचकी."

"आबा?" जावई म्हणाला.

"पुरावा काय?" आबांनी छताला विचारलं.

"दूध. झोप येत नाही म्हटल्यावर स्वतःच्या हाताने दूध देणारा भाचा या घरात नाही, आबा. तो कादंबरीत आहे, आणि कादंबरी अजून छापून कुठेही गेलेली नाही, कपाटातच आहे. आणि मधुमेहाच्या पुस्तकात मशीन कधी अडखळत नाही, कारण ते तुम्ही ऐकतच नाही."

"दिवसभर तेच खातो," आबा पुटपुटले. "पुन्हा ऐकायचं कशाला."

भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला ते गाळलेले तुकडे आठवले, हे मामांना माहीत होतं.

"आता एक राहिलं," ते म्हणाले. "एकदा यंत्र लावून दुपारभर नुसतं ऐकलं असतं, तर फार तर सुरुवातीला एक उचकी. मग इतक्या का? कारण आबा सारखं बंद करतात आणि सारखं चालू करतात. ही वाचायची थांबते, स्वतःशी बोलायला लागते, की आबा कळ दाबतात. अंदाजाने थोडं थांबतात, मग पुन्हा लावून बघतात. निर्लज्जपणे सगळं ऐकलं असतं, तर पुस्तक स्वच्छ गेलं असतं. आबांच्या सभ्यतेने वाट लावली."

खोलीत खालच्या रस्त्यावरचा एक हॉर्न येऊन गेला.

"सगळं नाही ऐकलं?" भाचीने विचारलं.

"एकदा ऐकलं," आबा म्हणाले. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती अर्धीच वळली. "पहिल्यांदा. मला कळलं नाही की वाचन संपलंय. तू म्हणालीस, हाड म्हाताऱ्याचं मोडलं आणि प्लास्टर मला घातलं. मला वाटलं कादंबरीतलंच आहे. चांगलं वाक्य होतं. मग कळलं."

भाचीने पायथ्याची चादर ओढून सारखी केली.

"मग मी ठरवलं, पुढचं आपलं नाही. पण काचघराचं सोडवेना. इथे दुसरं काय आहे? तो पाइप बघायचा." त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि मामांपुढे धरलं. "घ्या. जप्त करा. तिला वाचू दे."

मामांनी हात पुढे केला. भाचीने त्यांच्या आधी ते घेतलं, साडीच्या पदराने पुसलं, आणि वाकून परत आबांच्या कानात बसवलं.

"आता बंद करायचं नाही," ती म्हणाली. "मी शेवटपर्यंत वाचते. मध्ये थांबले तरी कळीला हात लावायचा नाही. जे येईल ते ऐकायचं."

"जे येईल ते?"

"हो आबा."

तिने कपाटाचं दार लावून घेतलं. मामा आबांच्या उशाशी खुर्चीत बसले. निळा दिवा लागलेलाच राहिला.

उरलेल्यांपैकी पहिलं प्रकरण एकही उचकी न लागता संपलं. जावयाने ते पाठवलं. संपादकबाईंचं उत्तर चहा उकळायच्या आत आलं: "हे चालेल. उरलेली अशीच द्या, पुस्तक तुमच्याकडेच."

जावयाने दारातून ते ओरडून सांगितलं. कपाटातून उत्तर आलं नाही. भाची पाणी पीत असावी. मग मामांना आबांच्या चेहऱ्यावर दिसलं की ती बोलते आहे. वाचत नव्हती, वाचताना आबांच्या भुवया वर जात, आता त्या एकमेकींकडे सरकल्या होत्या. त्यांचा अंगठा कानाकडे गेला. कळीवर टेकला. मामा बघत राहिले.

अंगठा खाली आला आणि चादरीत गेला. आबा ऐकत होते. बराच वेळ.

"काय म्हणते?" मामांनी शेवटी विचारलं.

"सकाळसाठी एक बाई ठेवायची म्हणते. माझं सगळं करायला. ही आठवड्यातले काही दिवस खऱ्या स्टुडिओत जाणार. तिथे खिडकी आहे म्हणते."

"मग?"

आबांनी एक बोट वर केलं, पलीकडे पुन्हा काही तरी सुरू झालं होतं, आणि त्यांच्या भुवया हळूहळू चढू लागल्या.

"ठेवू म्हणावं," ते कुजबुजले. "पण बाई वाचता येणारी बघा. आणि आता गप्प बसा, भाचा काचघराची किल्ली शोधतोय."