उद्याचा रस्ता

नाशिकच्या मार्गविज्ञान प्रयोगशाळेत वाटयोजकाने कर्डक दांपत्याचा प्रवास पुन्हा एकदा पुढे ढकलला, आणि डॉ. ईशानी कर्डक हिचं डोकं फिरलं. हे दांपत्य म्हणजे तिचेच आईवडील, आणि वाटयोजक हे यंत्रही तिनेच घडवलेलं. घरचंच माणूस घरच्यांना छळतंय म्हटल्यावर तक्रार तरी कुणाकडे करायची?

वाटयोजकाचं काम तसं साधं. गाडीमागे ओढघर जोडून, म्हणजे दोन पलंग, ओटा आणि न्हाणी असलेलं चाकांवरचं घर ओढत, देश पालथा घालायचा तर आधी पुष्कळ गोष्टी बघाव्या लागतात. एवढं मोठं शेपूट घेऊन कुठल्या घाटात वळण बसेल, कुठल्या गल्लीत शिरलं की मागे येणं मुश्कील, रात्री पाणी कुठे मिळेल. यंत्र हा सगळा प्रवास आधी स्वतःच्या पोटात करून बघतं. त्यात गाडीचं प्रतिरूप असतं आणि प्रवाशांचीही प्रतिरूपं असतात. ती हजारो वेळा निघतात, भांडतात, पोचतात, आणि त्यातला सर्वांत चांगला प्रवास यंत्र खऱ्या माणसांच्या हाती ठेवतं.

कर्डकांच्या हाती मात्र दोन वर्षं काहीच पडलं नव्हतं. नाशिक ते अरुणाचल एवढाच बेत. पण कधी पूल कच्चा, कधी दरड कोसळलेली, कधी ओढघराच्या मागच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या जास्त. वजन मागे गेलं की घाटात शेपूट हलतं, हे मात्र खरं होतं.

“खोटं बोलतंय का ते?” ईशानीने विचारलं.

“छे! दरड खरीच आहे,” तिचे सहकारी डॉ. तडवी म्हणाले. “पण परवा त्याच दरडीशेजारून त्याने जळगावच्या एका कुटुंबाला वाट काढून दिली.”

“मग माझ्याच आईबापांशी काय वाकडं आहे?”

“त्यांनी साध्य काय सांगितलं होतं?”

ईशानीने कपाळावर हात मारला. प्रवासातून काय हवं ते प्रत्येकाने यंत्राला सांगायचं असतं. कुणी समुद्र सांगतं, कुणी कमी खर्च. तिने आईबाबांना विचारलं, तर आपल्याकडचे आईबाप जे बोलतात तेच ते बोलले. “आम्हाला मेलं काय हवंय? समाधान मिळालं म्हणजे झालं.” आणि ही शहाणी! तिने तेच साध्य म्हणून भरलं होतं.

तडवींनी पडद्यावर आलेख काढला. प्रवाशांच्या घरी आणि गाडीत यंत्राचा एकेक संच बसवलेला असतो; त्यातून ऐकू येणाऱ्या आवाजावरून समाधानमापक माणसाचं समाधान मोजतो. कर्डकांचा आलेख रोज संध्याकाळी वर जात होता. त्या वेळी चहाचे कप नकाशावर ठेवून दोघं वाद घालायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले प्रमोदराव हुकचा जोड समजावून सांगायचे आणि रोहिणीताई म्हणायच्या, “अहो, हुक राहू द्या, कांदे कुठे टांगायचे ते सांगा!”

“आता प्रतिरूपांचा प्रवास बघ,” तडवी म्हणाले. “ओलसर गाद्या, बिघडलेलं पोट, कंबरदुखी. एकही प्रवास त्या संध्याकाळींच्या वर जात नाही. ठरवणं संपलं की आलेख खाली येतो, म्हणून यंत्र ठरवणं संपूच देत नाही. सांगितलं तेच करतंय बिचारं.”

“आणि आईचे डोळे?” ईशानीचा आवाज चढला.

रोहिणीताईंना काचबिंदू होता. नजर कडांकडून आत विझत चालली होती आणि डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. नजर आहे तोवर समुद्राएवढी ब्रह्मपुत्रा आणि डोंगरावरचा बर्फ बघायचा, हे त्या एकदाच, मेथी निवडता निवडता लेकीला म्हणाल्या होत्या. यंत्रासमोर कधीच नाही. उगाच कुणाला त्रास कशाला?

साध्य फक्त प्रवाशांनाच बदलता येत होतं. ईशानी धावत घरी गेली, आईला यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाली, “आई, सांग त्याला, बर्फ बघायचाय म्हणून.”

“अगं, दिसला तर दिसला. तुझ्या बाबांना समाधान मिळू दे,” आई म्हणाली.

आता काय करावं या बाईला! रात्रभर विचार करून ईशानीने आपल्या अधिकारातला एकच नियम बदलला. सगळा प्रवास आधी ठरवायचा नाही. यंत्राने फक्त उद्याचा रस्ता ठरवायचा, आणि तोही रोज संध्याकाळी, आईबाबांबरोबर मिळून. म्हणजे ठरवण्याचं सुख प्रवासातही चालू राहील आणि आलेख पडणार नाही.

दुसऱ्याच सकाळी यंत्र म्हणालं, “निघा.”

ते निघाले. ब्रह्मपुत्रेच्या काठी रोहिणीताई तासभर नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या. आणि तवांगच्या अलीकडून त्यांचा फोन आला. “ईशा, अगं पांढरं किती पांढरं असतं! माझ्या डोळ्यांचं सोनं झालं गं!” ईशानी प्रयोगशाळेत सर्वांसमोर हमसून हमसून रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

पण दसऱ्याला येतो म्हणालेली माणसं दिवाळीलाही आली नाहीत. प्रमोदराव रोज यंत्राला म्हणायचे, “आता घर बरं का.” यंत्र म्हणायचं, “जवळच एक तळं आहे.” आणि प्रमोदराव तळ्याकडे वळायचे. मग ईशानीच्या लक्षात आलं. घर आलं की उद्याचं ठरवायला काही उरत नाही. यंत्र त्यांना घरी आणणारच नव्हतं. आणि तोवर आईची नजर पुरती गेली होती.

“मापक बंद कर,” तडवी म्हणाले. “एक कळ दाब. मापक बंद असला की यंत्राला परतीचा रस्ता तेवढा देता येतो.”

ईशानीने आधी आईला फोन लावला.

“नको गं,” रोहिणीताई शांतपणे म्हणाल्या. “घराच्या भिंती मला पाठ आहेत. तिथे काय बघू? इथे तुझे बाबा रोज संध्याकाळी उद्याचा रस्ता सांगतात, झाडंबिडं, वळणं, सगळं. तेवढंच मला दिसतं. मला बोलावू नकोस, तूच ये.”

तडवी आलेखाकडे बघत होते. “तुझा फोन येतो त्या संध्याकाळी तो सर्वांत उंच जातो,” ते म्हणाले. “तिसरी प्रवासी म्हणून नाव घाल. तुला घ्यायला यंत्र त्यांना इकडे पाठवेल. आले की नाव काढून टाक.”

ईशानी यंत्रापुढे बसली. “मी येते त्यांच्याबरोबर.”

“आवाजात खात्री नाही. नोंद होणार नाही,” यंत्र म्हणालं.

स्वतःच्या हातचं यंत्र इतकं चोख निघावं याचा तिला आधी रागच आला. मग ती उठून खिडकीपाशी गेली. दोन वर्षं त्या चहाच्या वेळी घरात यंत्र होतं आणि ती इथे होती. तिने संचालकांना फोन करून मोठी रजा मागितली, कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलं, आणि परत येऊन खुर्चीत बसली.

“मला जायचंय रे,” ती म्हणाली. “आईजवळ बसून मलाही ठरवायचंय.”

त्या संध्याकाळी आसामातल्या एका रस्त्यावर प्रमोदरावांनी लांबलचक ओढघर हळूहळू, चांगलं मोठं वळण घेऊन फिरवलं. फोन चालूच होता, ईशानी ऐकत होती.

“अहो, मावळतीचं ऊन तोंडावर आलं,” रोहिणीताई म्हणाल्या. “घरी निघालो का आपण?”

“नाही गं,” प्रमोदराव म्हणाले. “तिला घ्यायला.”