मागे कोणी दिसेना!

"मी राज्य स्पर्धेला जाणार नाही!" गोगलगायीने गळ्यातलं सुवर्णपदक काढून पोपटच्या हातात कोंबलं.

पोपट हा तिचा मामेभाऊ, तोंडाचा पट्टा सदा चालू. सोबत शेजारची चष्मिश. सुट्टीचे बेत आखायला तिघं जमली, आणि हे भलतंच!

"वेड लागलं का तुला?" पोपट ओरडला. "जलद चालण्यात शहरात पहिली आलीस!"

"तेच तर कळत नाही! शाळेत पळताना मी कायम शेवटची, म्हणून तर सगळे मला गोगलगाय म्हणतात. मग इथं पहिली कशी? भीतीने नुसती पायांकडे बघत सुटले, नंतर मागे वळून बघते, तर कोणी दिसेना! सगळे इतके मागे राहिले?"

"किंवा कोणी नव्हतंच," चष्मिश म्हणाली.

तिघं तडक मैदानावर गेली. तिथले प्रशिक्षक, म्हणजे शिट्टीसर, रुमालाने शिट्टी पुसत होते.

"सर, माझ्याबरोबर कोण कोण होतं?"

"कोणी नाही! या खेळाकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पण पदक तर द्यायलाच हवं ना!"

गोगलगायीचा चेहरा पडला. एकटीत पहिली! याला जिंकणं म्हणायचं की नाही?

"मग मज्जाच की!" पोपट म्हणाला. "गर्दी नाही तिथं नंबर हमखास! मी उंटांच्या शर्यतीत उतरतो!"

"आधी उंट आण," चष्मिशने त्याला गप्प केलं. "सर, शर्यत कधी ठेवता?"

"पोहण्याच्या वर्गाच्या वेळी. मैदान कसं मोकळं मिळतं!"

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली. पाण्याला भिणारी गोगलगाय सोडली, तर झाडून सगळी पोरं तेव्हा तलावात असतात! आणि सर म्हणतात, कोणी येत नाही!

"सर, निवड सोमवारी पुन्हा घ्याल?" चष्मिशने साळसूदपणे विचारलं.

"घेऊ, घेऊ." सरांनी मानही वर केली नाही.

सोमवारी तलावाची सफाई असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही! पोपटने पोरापोरांत दवंडी पिटली, आणि सोमवारी मैदानावर ही गर्दी! सरांच्या तोंडून शिट्टीच गळून पडली.

"एक पाय सतत जमिनीवर! पळाल तर बाद!"

अर्धी पोरं पळाली आणि बाद झाली. गोगलगायीच्या पोटऱ्या पेटल्या. मागून पावलं वाजत होती, खरीखुरी पावलं! ती घाबरली, पण थांबली नाही. दोन मुली तिच्या पुढे गेल्या. ती तिसरी आली.

रडावं की हसावं, तिला कळेना. शेवटी ती हसलीच.

"अगं, सुवर्णपदकाच्या वेळेपेक्षा आज किती जलद चाललीस!" सर घड्याळ बघत म्हणाले. "मुलींच्या संघात तिघी जातात, तूही त्यात. आणि शाबास रे पोरांनो! रिकामं मैदान बघून वेळ ठरवली, चूक माझीच."

पोपटने पदक पुढे केलं. "धर तुझं."

"पहिली आलेल्या मुलीला दे," गोगलगाय म्हणाली. "तिसरा नंबर मात्र माझा आहे!"