कॅसेटवरचे तीन ठोके

आमच्या वाद्यवृंदात धड वाजवता कुणालाच येत नाही, पण वाजवताना डोळे मात्र सगळ्यांचे भरतात. दर रविवारी दुपारी आम्ही बावीस जण कावागुचीच्या नागरी सभागृहात जमतो आणि लहानपणी टीव्हीवर, सिनेमात, व्हिडिओ गेममध्ये ऐकलेलं पार्श्वसंगीत वाजवतो. तोकोरो-सान दातांचे डॉक्टर, ते नगारा आणि इतर ठोकायची वाद्यं सांभाळतात. इगाराशी-सान शाळेत गणित शिकवतात आणि रविवारी आमच्यापुढे उभे राहून काठी हलवतात. मी व्हायोला वाजवते, पण माझं खरं काम ऐकून स्वरलिपी लिहिण्याचं. जुन्या मालिकांची स्वरलिपी कुठे उरलेलीच नसते, फितीसुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. उरल्यात त्या आमच्यासारख्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, श्वास रोखून भरलेल्या कॅसेटी.

या वसंतातल्या कार्यक्रमासाठी दीपगृहाच्या मालिकेचं संगीत घ्यायचं ठरलं. अंतराळातलं दीपगृह राखणाऱ्या म्हाताऱ्याची ती कार्टून मालिका. तिचं चार मिनिटांचं संपूर्ण संगीत एकदाच वाजलं, शेवटच्या भागात. १९७७चा मार्च, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. ते माझ्याकडे आहे हे मी सहज बोलून गेले आणि अडकले. ती कॅसेट मी अठ्ठेचाळीस वर्षं ऐकली नव्हती.

त्याच संध्याकाळी माझे बाबा गेले. मी अकरा वर्षांची होते. आई मावशीकडे गेली होती. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कुणाचा आवाज नको म्हणून मी दाराला आतून कडी घातली आणि बेलमध्ये रुमाल कोंबला. बाबा ओतकामाच्या कारखान्यातून परतले आणि दाराबाहेर कोसळले. सात वाजता आई आली, तेव्हा ते पायरीवर पडलेले होते. हृदय एकदम बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. "तुला काही ऐकू आलं का गं?" आईने विचारलं. मी नाही म्हणाले. "मग त्यांना कळलंसुद्धा नसेल. दाराला हातही लागला नसेल," असं ती आजही म्हणते. त्या वाक्याच्या आधारावर मी इतकी वर्षं काढली आहेत.

कॅसेट चांगली होती. आधी तंतुवाद्यं, मग एकटा हॉर्न, आणि दुसऱ्या मिनिटाला दबका नगारा. तीन ठोके, थोडा थांबून आणखी तीन. प्रत्येक ठोक्यामागे त्रिकोणी घंटीची बारीक किणकिण. मी सगळं जसंच्या तसं लिहून काढलं आणि स्वतःवर खूश झाले.

"उसामी-सान, हा नगारा तालात नाही हो," सरावात तोकोरो-सान म्हणाले. "शेजारी वैतागून भिंत ठोकतोय असं वाटतं."

"कॅसेटवर आहे तसंच लिहिलंय. दात उपटल्यासारखं वाजवू नका, म्हणजे बसेल तालात."

सगळे हसले. इगाराशी-सान हसले नाहीत. त्यांनी सेंदाईच्या एका निवृत्त पोस्टमनचा पत्ता शोधला. त्यानेही लहानपणी तोच भाग कॅसेटवर भरला होता. पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्या कॅसेटभोवती खुर्च्या ओढून बसलो. दुसऱ्या मिनिटाला एक बाई ओरडली, "अरे, जेवायला येतोस की नाही?" आणि एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "आई! वाट लावलीस सगळी!" आमची हसून पुरेवाट झाली. पण नगारा कुठेच नव्हता. घंटीही नव्हती.

"म्हणजे ते तुमच्या घरचंच," तोकोरो-सान डोळे पुसत म्हणाले. "कुणीतरी दार वाजवत असेल. जुन्या सरकत्या दारांच्या काचा अशाच वाजायच्या, आठवतं?"

मी हो म्हणाले. व्हायोला पेटीत ठेवून मी निघाले.

घरी येऊन कॅसेट पुन्हा लावली. तीन, आणि थांबून तीन. दुसऱ्या खेपेचे ठोके पहिल्यापेक्षा खालून येत होते. उभा असलेला माणूस खाली बसला तर यावेत तसे. हे आधीच माझ्या लक्षात कसं आलं नाही? मग तिसऱ्या मिनिटाला आणखी दोन ठोके ऐकू आले, आणि ते मी लिहिलेलेच नव्हते. माझे कान पक्के आहेत, अशी चूक माझ्या हातून होत नाही. दुसऱ्या दिवशी शेवटच्या मिनिटालाही एक ऐकू आला. तो जवळजवळ जमिनीलगतचा होता.

मी कॅसेट काढून ठेवली आणि वृद्धाश्रमात आईकडे गेले.

"आई, बाबांनी दार वाजवलं होतं का गं?"

ती संत्रं सोलत होती. "घरात तू होतीस. मी कुठे होते?" असं म्हणून तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि पुढची सोलायला घेतली.

मी स्वरलिपीतून नगारा आणि घंटी दोन्ही काढून टाकली. तोकोरो-सानांना बरंच वाटलं. "चला, तेवढीच विश्रांती," ते म्हणाले.

कार्यक्रम रविवारी दुपारी दोनला होता. शंभरेक माणसं आली होती, बहुतेक आमच्याच वयाची. काही जण आधीच हातरुमाल काढून बसले होते. इगाराशी-सानांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि काठी उचलली. तंतुवाद्यं छान जुळली. हॉर्न एकदाच घसरला. माझे डोळे भरून आले. हे संगीत किती सुंदर आहे, हे मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या मिनिटाला तीन ठोके पडले.

मी तोकोरो-सानांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही रिकामे तळवे मला दाखवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ठोके माझ्या डावीकडून आले होते, रंगमंचाच्या बाजूच्या दारातून. ते दार लोखंडी आहे, पण किणकिण काचेची होती.

दार माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. उठायला हवं, हे मला कळत होतं. पण रेकॉर्डिंग चालू होतं.

पुन्हा तीन. या वेळी खालून.

मी वाजवत राहिले. लाज वाटत होती, तरी हात थांबला नाही. शेवटचा सूर विरला, टाळ्या पडल्या, तेव्हा मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर रिकामा बोळ होता. भिंतीला घडीच्या खुर्च्या टेकून ठेवल्या होत्या.

तोकोरो-सान माझ्या मागे येऊन उभे राहिले. "मी वाजवलं नाही," ते म्हणाले. "शपथ घेतो."

बुधवारी इगाराशी-सानांनी रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'उत्तम झालंय. दुसऱ्या मिनिटाला कुणाची तरी लहान मुलगी बोलली आहे, तेवढं काढता येतं का बघतो.'

प्रेक्षकांत एकही लहान मूल नव्हतं.

मी हेडफोन लावले. तंतुवाद्यं, हॉर्न. मग तीन ठोके आणि काच. त्यानंतर मायक्रोफोनच्या अगदी जवळ एक कुजबुज येते. आवाज कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

"थांबा ना बाबा. एवढं संपू दे."

मग खालून, जमिनीजवळून, आणखी तीन ठोके येतात. अगदी हलके, रेकॉर्डिंगमध्ये येऊ नयेत अशा बेताने मारलेले.