पाचव्या पडद्यावरचा स्वर

सप्टेंबरात माझा डावा खांदा दुखायला लागला. डॉक्टरने दोन उपाय सांगितले: बेस गिटार वाजवणं सोडा, नाहीतर हलकी घ्या. पहिला उपाय मला जमण्यासारखा नव्हता. आमच्या बँडमध्ये डेल्फिना गाते आणि डेल्फिना माझी बायको आहे. एकतीस वर्षं दर रविवारी दुपारच्या नाचाला ती पुढे आणि मी तिच्या मागे दोन पावलांवर उभा असतो.

म्हणून एका शनिवारी सकाळी मी आणि लोरिस शेजारच्या ओसिमो गावाला निघालो. लोरिस आमचा ड्रमवाला. वय चौतीस, आणि जुन्या वस्तूंचा शत्रू. तुलनेसाठी त्याने दुकानातून एक नवीकोरी बेस मागून आणली होती. गाडी सुरू केली तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली.

"नेनो, चष्मा राहिला!"

"आलो, आलो."

माझं नाव नात्सारेनो. नेनो फक्त ती म्हणते. घराबाहेर पडताना मी काहीतरी विसरतो, ती हाक मारते, मी परत जिना चढतो.

"मास्तर, एक दिवस डोकं विसराल," लोरिस म्हणाला. "वहिनी टोपलीत घालून दोरीने खाली सोडतील."

जुनी बेस विकणाऱ्या बाईंचं नाव अर्जिया. वय ऐंशीच्या पुढे. नवरा प्रीमो वसंतात गेला. त्याची बेस १९६४ सालची होती, आमच्याच गावी, कास्तेलफिदार्दोत बनलेली. अकॉर्डियनचा खप पडला तेव्हा कारखान्यांनी विजेच्या गिटारी काढल्या आणि त्यांच्या अंगावर अकॉर्डियनचंच उरलेलं मोतिया प्लास्टिक चढवलं. मी अडतीस वर्षं अकॉर्डियनच्या रीड, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, सुरात लावल्या. ते प्लास्टिक मी अंधारातही हाताने ओळखीन.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोन्ही बेस शेजारी ठेवल्या. नवी साडेचार किलोची, जुनी तीन किलोला थोडी वर. मग मी वही काढली, घड्याळ काढलं आणि दांडीवरच्या एकेका पडद्यावर तार छेडून स्वर किती सेकंद टिकतो ते लिहायला लागलो. नवीचे सगळे स्वर आठ ते नऊ सेकंदांत बसले. जुनीचे कमीजास्त होते, पण आवाज भरलेला आणि ऊबदार. फक्त सर्वांत बारीक तारेवर, पाचव्या पडद्यावर, 'दो' हा सप्तकाचा पहिला स्वर उमटला आणि कोणी तोंडावर हात ठेवावा तसा बंद झाला. एक पूर्णांक दोन दशांश सेकंद.

"हा स्वर मुका," लोरिस खूश झाला. "नवीच्या दांडीत कार्बनच्या पट्ट्या असतात. तिला असले रोग नाहीत."

"प्रत्येक जुन्या बेसला एक मुकी जागा असतेच. लाकडाची दांडी स्वतःच्या वेगाने थरथरते आणि एखादा स्वर गिळते. त्यात काही विशेष नाही."

"प्रीमो त्या पडद्यावर बोटच ठेवायचा नाही," अर्जिया म्हणाल्या. "तो स्वर शेजारच्या तारेवर घ्यायचा. सेहेचाळीस वर्षं. म्हणायचा, तिथे आहे ते तिथेच राहू दे."

खिडकीशी त्यांची मुलगी एल्दा परातीत घेवड्याच्या शेंगा सोलत होती. पन्नाशीची असावी. मी नमस्कार केला, तिने नुसती मान हलवली.

"ती बोलत नाही," अर्जिया म्हणाल्या. "चार वर्षांची होती तेव्हापासून."

मी जुनी घेतली.

पुढे जे केलं ते आमच्या गावातल्या कुठल्याही रीडवाल्याने केलं असतं. खर्जाची रीड हवी तशी बोलत नसेल तर आम्ही तिच्या टोकावर शिशाचा ठिपका लावतो. वजन वाढलं की थरथर बदलते. बेसच्या दांडीचंही तेच, टोकाला वजन दिलं की मुकी जागा सरकते. डेल्फिनाच्या निम्म्या गाण्यांत 'दो' येतो आणि माझुर्का नाचाच्या लयीत शेजारच्या तारेवर उडी मारायला माझी बोटं आता धजत नाहीत. मी खुंट्यांच्या मागे चाळीस ग्रॅम शिसं बसवलं.

'दो' साडेआठ सेकंद वाजला.

मुकी जागा दोन पडद्यांच्या मध्ये गेली असणार, असं धरून मी चारही तारा, सगळे पडदे आणि पडद्यांमधली अंतरंही तपासली. ती कुठेच नव्हती. असं होत नाही. मुकी जागा सरकते, नाहीशी होत नाही. वहीत मी तिच्यासमोर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि जेवायला गेलो.

रविवारी दुसऱ्या गाण्याच्या पहिल्याच ओळीत डेल्फिना थांबली. म्हणजे थांबली नाही. तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताणलेली होती, पण एका स्वरापुरता आवाज आला नाही. पुढचा स्वर नेहमीसारखा आला. नाचणाऱ्यांना कळलंही नाही. ती वळून माझ्याकडे पाहून हसली.

"म्हातारी झाले रे."

ओळ पुन्हा आली. पुन्हा तिथेच. 'दो'.

अँकोना शहरातल्या डॉक्टरने नळी घालून घसा पाहिला आणि शाळेतल्या मुलीचा असावा इतका चांगला आहे म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी 'रे' गेला.

मी शिसं काढलं. 'दो' साडेआठ सेकंद वाजला. शिसं दुप्पट लावलं. साडेआठ. नवी बेस परत मागवून शेजारी ठेवली. आता दोघींचे आकडे सेकंदाच्या दशांशापर्यंत सारखे येत होते. साठ वर्षांच्या लाकडाला हे शक्य नाही.

"जुनी करवतीने कापा," लोरिस म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

"आणि कापून काहीच परत आलं नाही तर?"

त्याने नवी बेस पेटीत घातली.

नोव्हेंबरात मी बेस गाडीत घालून एकटाच ओसिमोला गेलो. दार एल्दाने उघडलं.

"या," ती म्हणाली. "आई आत आहे."

आवाज सपाट होता. मी रीडवाला आहे, न ठरवताही स्वर ओळखतो. ती दोनच स्वरांत बोलत होती. एक 'दो', एक 'रे'.

अर्जियांनी माझ्या हातातली बेसची पेटी पाहिली आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

"ती परत घेणार नाही मी."

"पैसे नकोत, सिन्योरा. नुसती ठेवून घ्या."

"नाही."

"माझ्या बायकोचा आवाज चाललाय."

मागे एल्दा ताटं मांडत होती आणि प्रत्येक ताटाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती.

"सेहेचाळीस वर्षांनी ती मला आई म्हणाली, नात्सारेनो," अर्जिया म्हणाल्या. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

मी पेटी परत गाडीत ठेवली.

डिसेंबरात 'रे'च्या पुढचे दोन स्वर, 'मी' आणि 'फा', गेले. बँडने दुसरी गायिका पाहिली. डेल्फिना उरलेल्या स्वरांत बोलायची. आधी त्याची आम्ही थट्टा केली, मग नाही. नाताळानंतर तिच्याकडे एकच स्वर राहिला. तो ती वाया घालवत नसे. सकाळी एकदा माझं नाव घ्यायची, तेवढंच. बाकीचं माझ्या आकड्यांच्या वहीत लिहायची.

जानेवारीच्या दहा तारखेला सकाळी तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि कॉफी गाळायला उठली.

त्या दुपारी मी ओसिमोला गेलो. पेटी नेली नाही. अर्जिया झोपल्या होत्या. एल्दाने मला बसवलं, वाईन ओतली, खिडकीशी जाऊन परात मांडीवर घेतली आणि शेंगा सोलताना गुणगुणू लागली. ते गाणं आम्ही एकतीस वर्षं वाजवलं होतं. वरच्या स्वरावर जाण्याआधी डेल्फिना जेवढा श्वास रोखायची, तेवढाच तिने रोखला.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं नाही. पेला अर्धाच ठेवून उठलो.

जिना उतरून रस्त्यावर आलो. गाडीचं दार उघडलं. खिशात हात घातला तर काही तरी कमी होतं, काय ते आठवेना.

वरची खिडकी उघडली.

"नेनो, चष्मा राहिला!"

"आलो, आलो," मी म्हणालो, आणि तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत माझा पाय पायरीवर पडला होता.