नटावरची रेघ

गॅरेजात गाड्या दुरुस्त करणाऱ्या उस्तादांची मुलगी समोर येऊन बसली तेव्हा मास्तरांचं लक्ष आधी तिच्या हातांकडे गेलं. डाव्या हाताची नखं नीट रंगवलेली, उजव्याची कोरी. उभा जन्म चित्रकला शिकवण्यात घालवलेल्या माणसाला अर्धवट रंगकाम बघवत नाही. पण रडून डोळे सुजलेल्या पोरीला नखांचं काय विचारणार?

ताई मात्र ऐकत होत्या आणि बघतही होत्या. पूर्वी त्या विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्या तपासायच्या, आता स्वतंत्रपणे गुन्ह्यांचा छडा लावायच्या. मास्तर त्यांचे शेजारी. निवृत्तीनंतर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून सोबत हिंडायचे.

हकीकत अशी होती. रविवारच्या शर्यतीत चिमणा नावाचा तरुण गाडी चालवत होता. भर वेगात मागचं उजवं चाक हबसकट, म्हणजे ज्यावर ते बसवतात त्या लोखंडी तबकडीसकट, निखळलं. गाडी भिंतीवर आदळली आणि चिमणा जागच्या जागी गेला. हबला अॅक्सलवर धरून ठेवणारा मोठा नट पोलिसांना रस्त्याच्या कडेला सापडला. तो कसायचं काम उस्तादांचं, म्हणून पोलीस उद्या त्यांना अटक करणार होते.

"अटकेचं राहू द्या, ताई," मुलगी म्हणाली. "बाबांनी अन्न सोडलंय. 'माझाच हात चुकला' एवढंच म्हणतात. चिमण्याला सायकल त्यांनीच शिकवली होती. ते याच्यातून उठायचे नाहीत."

ताईंनी मान हलवली आणि भलतंच विचारलं, "एकाच हाताची नखं का रंगवलीत?"

मुलगी गोंधळली. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती रंगवायला बसली होती. एक हात होतोय तोच बाळ उठलं. संध्याकाळी पुन्हा बसली तर बाटलीच सापडेना. मग ही बातमी आली. मास्तरांना ताईंचा थोडा रागच आला. घर जळतंय आणि ह्यांना पडद्याच्या रंगाची पडलीय.

गॅरेजात तुटकी गाडी ताडपत्रीखाली होती. चाक जमिनीवर निराळं पडलं होतं, हब अजून त्यालाच जखडलेलं. उस्ताद स्टुलावर बसून होते. त्यांचे हात थरथरत होते, पण कामाचं विचारल्यावर आवाज स्थिर झाला.

आधी गाडी जॅकवर घ्यायची. चाक वर-खाली धरून हलवायचं. बेअरिंग ढिलं असेल तर हाताला कळतं. मग फिरवून कान लावायचा. ते झालं की गाडी खाली उतरवायची आणि चाकं जमिनीवर टेकलेली असतानाच अॅक्सलचा नट कसायचा, कारण एवढा जोर जॅकवरच्या गाडीवर लावला तर ती खाली येण्याचा धोका असतो. चाकाच्या मधल्या भोकातून जाईल असं नट फिरवायचं बारीक सॉकेट बाजारात मिळत नाही. उस्तादांनी एक लेथवर घासून पातळ केलं होतं आणि ते रोज पिशवीतून घरी न्यायचे. शेवटी त्याच भोकातून नटावर आणि हबवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारायची. नट सरकला तर रेघ तुटते.

"मुलीची जुनी बाटली आहे," त्यांनी खिशातून काढून दाखवली. "सकाळी टॉर्च मारून बघितलं. दोन्हीकडच्या रेघा सरळ होत्या. मग नट सुटला कसा? आदल्या संध्याकाळी मीच नीट कसला नसणार."

ताईंनी डावीकडचा शाबूत नट बघितला आणि पोलिसांनी दिलेला सुटा नट मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तरांना राहवलं नाही. "ह्या दोन रेघांचा रंग एक नाही हं. डावीकडचा शेंदरीकडे झुकतोय, हा जांभळटकडे."

मागे उभा असलेला जावई हसला. तो ह्याच गॅरेजात सासऱ्यांच्या हाताखाली काम करायचा. "मास्तर, ही काय चित्राची वही आहे? उष्णतेनं रंग काळवंडतो." मास्तर ओशाळले.

मग ताईंनी मालकांना गाठलं. गाडी त्यांची आणि चिमणा त्यांचा धाकटा भाऊ. शर्यती सोड म्हणून दोघांचं आदल्या दिवशी वाजलं होतं, हे त्यांनी लपवलं नाही. गॅरेजची किल्लीही त्यांच्याकडे होती. तशी ती जावयाकडे आणि उस्तादांकडेही होती. शर्यत चालू असताना रेडिओवर चिमण्याशी झालेलं शेवटचं बोलणंही त्यांनी सांगितलं. "मागून घरघर येतेय म्हणाला. मी म्हटलं, शर्यत सोड, गाडी आत घे. तर म्हणतो, 'दादा, उस्तादांनी बघितलंय. काही होत नाही.'"

जावयानं स्वतःचं सरळ सांगितलं. आदल्या संध्याकाळी उस्ताद गेल्यावर तो झाडलोट करायला थांबला आणि जेवायला उशिरा घरी गेला. "वाईट वाटतं, पण खरं ते खरं. म्हाताऱ्यांना कितीदा सांगितलं, आता हात थरथरतात, गॅरेज माझ्यावर सोपवा. ऐकतील तर शपथ."

संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. मुलगी वडिलांना धरून उभी होती. ताईंच्या सांगण्यावरून मालकांनी चाकाचे बोल्ट काढले आणि चाक हबवरून उचललं.

"रेघ कुठवर जाते ते बघा," ताई म्हणाल्या.

हबवरची रेघ चाकाच्या भोकापाशी थांबली नव्हती. चाक बसल्यावर हबचा जो भाग झाकला जातो, त्यावर ती बोटभर पुढे गेली होती.

"उस्ताद चाक लावलेलं असताना भोकातून रेघ मारतात. चाकाखाली त्यांचा ब्रश पोचणारच नाही. डावीकडचं चाक मी दुपारीच काढून बघितलं, तिथली रेघ भोकाच्या कडेला संपते. ही रेघ चाक काढून मारलीय. म्हणजे इथे मागाहून कोणीतरी आलं. त्याच्याकडे पातळ सॉकेट नव्हतं, म्हणून जॅकचा धोका पत्करून त्याला चाक काढावं लागलं. त्यानं नट ढिला केला आणि सकाळी उस्ताद टॉर्च मारतील हे ठाऊक असल्यामुळे वर नवी रेघ ओढली."

"मी नाही," मालक म्हणाले.

"तुम्ही नाही. उस्तादांची बाटली त्यांच्या खिशात होती, तेव्हा ह्या माणसाला दुसरी आणावी लागली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्याला दोन्ही लाल सारखेच दिसले. मास्तरांना दिवसाउजेडी फरक दिसला. उष्णतेचं म्हणाल, तर डावा हबही तितकाच तापला होता, आणि चाकाखाली झाकलेला हा भाग तर काळवंडलेलाच नाही."

ताईंनी सकाळी नखांचं का विचारलं ते मास्तरांना आत्ता कळलं. कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

ताईंना नाव घ्यावं लागलं नाही. मुलगीच हळूहळू हबापाशी गेली, वाकली आणि आपला डावा हात त्या रेघेशेजारी ठेवला. नखं आणि रेघ, रंग एकच होता.

ती नवऱ्याकडे वळली. "दुपारी तुम्ही जेवून गेलात आणि बाटली दिसेनाशी झाली. मी ती घरभर शोधत होते. तुम्हीही माझ्याबरोबर शोधलीत."

जावई भिंतीला टेकला. "मारायचं नव्हतं गं. बेअरिंग आवाज करेल, तो पहिल्याच फेरीत थांबेल, असं वाटलं होतं. नट ढिला सापडला असता तर बाबांना कोणी कामाला हात लावू दिला नसता. त्यांना घरी बसवायचं होतं, एवढंच."

"आवाज झाला होता," मालक म्हणाले. "त्यानं ऐकलाही होता."

उस्ताद इतका वेळ मान खाली घालून होते. त्यांनी जावयाकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि मास्तरांना तेच सोसवेना.

"माझा हात चुकला नव्हता," ते हळूच म्हणाले. "आधी कधीतरी चुकला असता तर बरं झालं असतं. त्या पोरानं माझा भरवसा धरला नसता, तो थांबला असता."

मालकांनी पोलिसांना फोन लावला. मुलीनं कामाच्या बाकावरचं रॉकेलचं फडकं उचललं आणि डाव्या हाताचं एकेक नख घासायला घेतलं. रंग निघत नव्हता. उस्तादांनी तिच्या हातातून फडकं घेतलं, स्टूल पुढे ओढलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर ठेवून ते स्वतः पुसू लागले. त्यांचे हात आता थरथरत नव्हते.