अक्का, माझा फोटो काढा

यात पदरचं काहीच घातलेलं नाही. हारिका आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिने रडत सांगितलं, तसंच्या तसं सांगतेय.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. हैदराबादचं एक तेलुगू न्यूज चॅनल.

हारिका तिथे शिकाऊ. तिला पक्कं करायचं की घरी धाडायचं, ते डेस्कप्रमुख रावगारूंच्या हातात.

त्या दुपारी शहराबाहेर रंगाच्या कारखान्यात स्फोट झाला. मेलेल्यांतलं पहिलं नाव आलं, मल्लेश.

"फोटो आण, पोरी! बाकीच्यांच्या आधी आपल्याकडे लागला पाहिजे!" रावगारू ओरडले.

तिने फेसबुकवर शोधलं. नाव मल्लेश, कारखाना तोच. हसरा पोरगा होता.

फोटो पडद्यावर लागला. खाली लाल पट्टीत, 'मृत'.

थोड्याच वेळात डेस्कवरचा फोन वाजला...

"अक्का, मी मल्लेश. तो फोटो माझा आहे हो! मी घरीच आहे. मेला तो दुसरा मल्लेश."



"चुकलं अण्णा! लगेच काढते."

"लवकर काढा. अम्मा टीव्हीसमोर ऊर बडवून घेतेय. मी तिच्या पुढ्यात उभा आहे, पण..."

"पण काय?"

"ती माझ्याकडे बघतच नाही."

धक्का बसला असेल बिचारीला, असं हारिकाला वाटलं. ती रावगारूंकडे धावली.

"काढायचा? म्हणजे आपण चुकलो हे सगळ्यांना सांगायचं? संध्याकाळी कोणाला आठवणारे? पक्की व्हायचंय ना? मग गप बस."

ती जागेवर येऊन बसली. फोटो तसाच राहिला.

फोन पुन्हा वाजला. आवाज बारीक झाला होता...

"अक्का, शेजारी जमलेत. माझ्यातून आरपार चाललेत. पाया पडतो, फोटो काढा."

हारिकाने रिसीव्हर रावगारूंच्या कानाला लावला.

"कोण आहे? नुसती खरखर! अक्कल गहाण ठेवलीस का गं?" त्यांनी फोन आपटला.

तो लगेच वाजला. आता आवाज विहिरीतून आल्यासारखा...

"अक्का, आता काढू नका."

"का?"

"अम्मा टीव्हीला चिकटून बसलीय. काचेवरून माझ्या गालावर हात फिरवतेय. तिला तेवढाच दिसतोय मी. तेवढा तरी राहू द्या."

फोटो राहू द्या म्हणायला हारिका रिसीव्हर धरूनच उठली. तेवढ्यात रावगारूंनी टाळी वाजवली.

"चला, स्फोट पुरे झाला. सिनेमाच्या बातम्या लावा."

फोटो गेला. पडद्यावर एक नटी नाचू लागली.

फोनमधून एका बाईची किंकाळी आली.

मग काहीच नाही...

फोटोतल्या मल्लेशचं प्रेत कुठेच मिळालं नाही. कारखान्यात म्हणाले, त्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता. अम्मा म्हणते, सकाळी त्याने माझ्या हातचा भात खाल्ला. पुढचं तिला आठवत नाही.

हारिका पक्की झाली. वर रावगारूंनी सगळ्यांना मिठाई वाटली.

परवा तिला राहवेना, म्हणून ती त्या घरी माफी मागायला गेली. एकटीच गेली होती. दार उघडं होतं. टीव्ही चालू, आवाज बंद. म्हातारी पडद्याला डोळे लावून बसलेली.

हारिका पुढे झाली, म्हातारी आणि टीव्हीच्या मध्ये. 

म्हातारीने मानही वळवली नाही. चिडून हात हलवला...

"दोघंही बाजूला व्हा ना रे. माझा मल्लेश लागेल आता."