कोपऱ्यातला गार खांब

“चटका! हाही चटका! आई गं, हा तर तवाच!”

टोळ मागच्या रांगेपासून एकेका खांबाला बोट लावत, ओरडत पुढे चालला होता. टोळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. एका जागी बसायचा नाही आणि समोर येईल ते फस्त करायचा, म्हणून हे नाव. ताईने त्याला दटावायचंसुद्धा सोडून दिलं होतं. अख्खी सुट्टी या बांधकामावर काढून तिचा जीव उन्हाने आंबून गेला होता.

घर त्यांचंच होतं. आईने स्वतः आखलेलं, पोलादी सांगाड्यावर उभं राहणारं. जमिनीपासून जरा उचललेलं, आरपार वारा खेळेल असं, ऊनपाऊस अडवणाऱ्या रुंद छज्ज्यांचं. भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळलेल्या आईने ते आधी कागदावर, मग पुठ्ठ्याचं आणि आता खरंखुरं उभं करायला घेतलं होतं. सध्या मात्र तिथे नुसते खांब आणि तुळया होत्या.

“उपाशी उंटाच्या बरगड्या!” प्रोफेसर म्हणाला. हा मावसभाऊ. जाड चष्मा आणि त्याहून जाड शंका.

तेवढ्यात टोळ किंचाळला, “अरे, हा गार आहे!”

“ऊन लागलंय तुला,” ताई म्हणाली. पण उठली.

पुढच्या रांगेतला हा पहिलाच, कोपऱ्यातला खांब भर उन्हात होता. वर हात लावला तर पोळत होता. कमरेच्या खाली मात्र गारेगार! प्रोफेसरने खिशातला बोल्ट काढून खांबावर वाजवला. वर टण्ण! खाली बद्द!

“पोटात काहीतरी आहे याच्या,” तो कुजबुजला.

“पोटात? मग हा तरी जेवलाय!” टोळ उसासला.

ताईने वर पाहिलं. पोकळ खांबांची तोंडं अजून उघडीच होती. पाऊस तर रोज संध्याकाळी कोसळत होता. “पाणी!” ती म्हणाली. “पण मग सगळेच खांब भरायला हवेत.”

तिघं मागच्या रांगेत धावले. तिथल्या खांबांना अजून रंग लागला नव्हता. ते वरपासून खालपर्यंत टण्ण वाजत होते आणि प्रत्येकाच्या पायाशी पाणी निघून जायला बोट जाईल एवढं भोक होतं. रंग दिलेल्या पुढच्या रांगेत एकाही खांबाला भोक नव्हतं!

सुपरवायझरकाका डबा घेऊन येतच होते.

“काका, या खांबांची भोकं कुठे गेली?”

“भोकं? सगळी बुजवली!” काका छाती फुगवून म्हणाले. “छज्ज्यांसाठी आणलेल्या फळ्यांवर खिळ्यांची ही एवढी भोकं पडली होती. रंगाऱ्याला बजावलं, रंग द्यायच्या आधी सगळी भोकं बुजव, एकही दिसता कामा नये. काम म्हणजे काम!”

“अहो, पण त्याने खांबांचीही बुजवली! आत पाणी साचलंय, बद्द वाजतंय!”

“पोकळ खांब आहे, आवाज येणारच. मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. जेवणानंतर क्रेन येतेय. वरून झाकणं बसली, वेल्डिंग झालं, की संपला विषय.”

संपला विषय! पाणी आत कोंडलं, तर आईचं घर आतून गंजत जाणार, आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत!

ताई आईकडे धावली. आई सिमेंटच्या पोत्यावर बसून छपराच्या पत्र्यांवरून फोनवर वाद घालत होती. डोळे तांबडे, आवाज बसलेला.

“आई...”

“बाळा, आत्ता नको गं.”

आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं टाकायचं? ती तशीच परतली.

काका जेवून नेहमीच्या जागी, त्या गार खांबालाच पाठ टेकून पेंगत होते. “हा माझा खांब,” डोळे मिटून ते पुटपुटले. “लोखंडालाही माणसाची कदर असते!”

“पाणी दाखवलं की झालं ना?” टोळ म्हणाला. त्याच्या हातात जुना स्क्रू होता.

ताईने खांबाच्या पायाशी बोट फिरवलं. रंगाखाली एक जागा किंचित खोलगट लागली. तिने स्क्रूने भोकात भरलेली पुट्टी खरवडायला सुरुवात केली. थोडी निघाली, आणखी थोडी...

फस्स्! तांबूस पाण्याची पिचकारी थेट काकांच्या पँटवर!

“मेलो! पाइप फुटला! कोण आहे रे?”

“तुमचाच खांब आहे, काका! कदर करतोय!” टोळ गडगडा लोळला.

आई धावत आली. तिने तांबडं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. आणि पहिला हुकूम सोडला, “क्रेन थांबवा!”

काका ओल्या पँटनिशीच पळाले. पुढच्या रांगेतलं प्रत्येक भोक मोकळं झालं. आईने शिडीवरून टॉर्चने आत पाहिलं आणि सुस्कारा टाकला. “गंज नुकताच धरायला लागलाय. वेळेवर कळलं. आणखी काही महिने गेले असते तर...”

खाली उतरून तिने ताईला जवळ घेतलं. “मघाशी हेच सांगायला आली होतीस?”

“हो. पण तू इतकी दमली होतीस...”

“दमलेच आहे गं. पण असं काही असलं, तर मला हलवून हलवून सांगायचं. ऐकायला मी कधीच इतकी दमलेली नसते.” तिने ताईच्या कपाळावरचा घाम पुसला. “आणि ऐकलं नाही मी. चुकलंच माझं.”

“चुकलं ते माझं, बाईसाहेब,” काका मान खाली घालून म्हणाले. “सगळी म्हटलं की रंगारी सगळीच बुजवणार. आणि पोरं सांगत होती, तर मी झोपा काढत होतो.”

पाणी ठिबकून थांबलं, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. क्रेनवाल्याने वरून हाक मारली, “काय मग? बसवायची का झाकणं?”

काकांनी आईकडे पाहिलं. आईने ताईकडे बोट दाखवलं. “तिला विचारा.”

ताईचे पाय भरून आले होते. तरी ती खांबांपाशी गेली. बोल्ट घेऊन एकेक खांब वरपासून पायापर्यंत वाजवत, कान लावून ऐकत. सगळे तिच्या मागे गुपचूप उभे. टोळसुद्धा! शेवटचा खांब झाल्यावर ती वळली.

“बसवा,” ती म्हणाली, आणि एक लांबलचक जांभई दिली.